डागी फळ पेशंटला कसं चालंल?

गेल्या महिन्यात आमच्या स्त्री-कक्षात तिशीच्या आतली एक बाई दाखल होती. धाप लागते, पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून आलेली. हिमोग्लोबिन पाचाच्या आसपास. रक्ताच्या पिशव्या चढवल्या, लोहाची इंजेक्शनं सुरू केली. राउंड संपवताना मी तिच्या नवऱ्याला सवयीने म्हणाले, "हिला रोज फळं द्या. चांगली फळं आणा."

दुसऱ्या दिवशी खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर दोन सफरचंदं होती. परदेशी, स्टिकर लावलेली, आरशासारखी चकचकीत. रोजंदारीवर जाणारा माणूस. बायको दाखल झाल्यापासून त्याचे खाडेच पडत होते. मी विचारलं, "अहो, फाटकासमोर गाडीवर पेरू आहेत, संत्री आहेत, केळी आहेत. ती का नाही आणली? निम्म्या पैशात आली असती."

तो संकोचून म्हणाला, "व्हती मॅडम. पण पेरूवर काळं ठिपकं व्हतं, केळं बी डागाळल्यालं. डागी फळ पेशंटला कसं चालंल?"

आता त्याने काय सोडलं आणि काय घेतलं, ते बघा. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व असतं. शंभर ग्रॅम सफरचंदात ते पाच मिलिग्रॅमही नसतं. आणि जेवणातलं, म्हणजे भाकरी, पालेभाजी, डाळीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. रक्त कमी असलेल्या बाईसाठी गाडीवरचा ठिपक्याचा पेरू स्टिकरवाल्या सफरचंदापेक्षा कितीतरी कामाचा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. म्हणजे हा हिशेब एका खाटेपुरता नाही.

चूक त्या नवऱ्याची नव्हती, माझी होती. तीसेक वर्षं मी "चांगली फळं खा" असं सांगत आले. चांगलं म्हणजे काय, ते कधी सांगितलं नाही. मग ऐकणाऱ्याने चांगलं म्हणजे देखणं असा अर्थ घेतला. आपण सगळेच तो घेतो. फळाच्या बाबतीत निवाड्याचा सगळा अधिकार आपण डोळ्यांना देऊन टाकला आहे, आणि डोळे इथे दोन्ही बाजूंनी फसतात. निरुपद्रवी डाग पाहून आपण फळ टाकतो आणि डाग नाही एवढ्यावर फळ निर्धोक समजतो. यात रुग्णाचं नुकसान होतं, शेतकऱ्याचं होतं, आणि आपण जे टाळू पाहतो तेच पुष्कळदा घरात येतं.

संध्याकाळी कुठल्याही फळाच्या गाडीशेजारी दहा मिनिटं उभं राहून बघा. गिऱ्हाईक ढिगातलं वरचं फळ घेत नाही, हात मागे घालतं. फळ उचलायचं, फिरवून बघायचं, अंगठ्याने दाबायचं, ठेवून द्यायचं. मग दुसरं. चिकू, पेरू, आंबा यांना दिवसभरात पन्नास अंगठे लागतात. प्रत्येक दाबाखाली आतल्या पेशी फुटतात, त्यांतल्या द्रव्यांचा हवेतल्या प्राणवायूशी संबंध येतो आणि संध्याकाळपर्यंत तिथे तपकिरी डाग उमटतो. सकाळच्या गिऱ्हाइकाने पाडलेला डाग पाहून संध्याकाळचं गिऱ्हाईक फळ नाकारतं. फळवाली मावशी ते खालच्या पाटीत टाकते. मी हे दुसऱ्यांबद्दल सांगत नाही, माझाही अंगठा त्यात आहे.

असं का होतं? डागाची, सडण्याची, बुरशीची किळस माणसाला उपजत सावध करते. औषधं नव्हती, प्रयोगशाळा नव्हत्या, तेव्हा हीच किळस पोटाची राखण करत असे. पण या राखणदाराला बारकावे कळत नाहीत. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात क्षणभर बुडवून काढलं. ते निर्जंतुक आहे हे सांगूनही लोक तो रस प्यायला तयार होईनात. धोका नाही हे डोक्याला कळलं होतं, मनाला पटत नव्हतं. डागाळलेल्या संत्र्याच्या बाबतीत आपलं असंच होतं.

त्यात प्रतिष्ठेचा भाग येतो. 'जर्नल ऑफ मार्केटिंग' या नियतकालिकात २०१९ साली आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की वेडंवाकडं फळ किंवा भाजी आपण खातो आहोत या नुसत्या कल्पनेनेही माणसाचं स्वतःबद्दलचं मत खाली येतं. फळ कुरूप, म्हणजे ते घेणारा मीही तसाच, असा तो आतला हिशेब. हे वाचताना मला तो नवरा आठवला. आजारी माणसाकडे नेलेलं फळ हे आपल्याकडे फक्त खाद्य नसतं. भेटायला येणारे पाहुणे, शेजारच्या खाटेवरचे लोक ते बघतात. डागी पेरू नेला तर बायकोची किंमत तेवढीच केली असं दिसेल, ही भीती त्याला होती. गरीब माणसाला ती जास्त असते, कारण त्याच्याकडे लोक आधीच तशा नजरेने बघत असतात.

आता डागांकडे वळू. सगळे डाग एका जातीचे नसतात, आणि ते ओळखायला पदवी लागत नाही.

केळं घ्या. पिवळ्या सालीवर तपकिरी ठिपके पडतात ते ते पिकल्याची खूण आहे. कच्च्या केळ्यातलं पिष्ट पिकताना साखरेत बदलतं, केळं गोड आणि पचायला सोपं होतं, आणि त्याच सुमारास सालीवर ठिपके येतात. आतला गर पांढरट, घट्ट असेल तर केळं उत्तम आहे. मधुमेहींनी फार पिकलेलं केळं टाळावं, कारण ते रक्तातली साखर थोडी लवकर चढवतं. पण ते साखरेचं गणित झालं, त्यात ठिपक्यांचा दोष नाही. फ्रीजमध्ये ठेवल्यावर काळी पडते ती सालही थंडीने पडते, सडल्याने नव्हे.

संत्र्याचा हिरवटपणा हे कच्चेपणाचं लक्षण मानलं जातं. खरं तर सालीचा हिरवा रंग जाऊन केशरी रंग यायला रात्रीचा गारवा लागतो. थंडी नीट पडण्याआधी तोडलेलं आंबिया बहाराचं संत्रं आतून गोड आणि बाहेरून हिरवट असू शकतं. सालीवरचे तपकिरी, खरखरीत चट्टे बहुतेक वेळा कोळी या बारीक किडीने वरवर खरवडल्याचे असतात. साल आपण सोलून टाकतो, फोडींपर्यंत ते पोचतच नाहीत.

आंब्यावरचे काळे ओघळ पुष्कळदा चिकाचे असतात. देठ तुटला की चीक सालीवर उतरतो आणि साल भाजल्यासारखी काळी होते. डाळिंबाची एक बाजू उन्हाने करपते. सफरचंदावर गारांचा मार बसून भरलेली जखम खपलीसारखी राहते. पेरूवरचे कोरडे, खरबरीत ठिपके कित्येकदा सालीपुरतेच असतात. असं फळ धुऊन, वाटल्यास तेवढा भाग काढून, बिनघोर खावं. त्यातली जीवनसत्त्वं, तंतू, पाणी यांत काही उणं नसतं.

मग टाकायचं काय? जिथे साल फुटली आहे, ओलसर झाली आहे, आत खड्डा पडला आहे, तिथे सावध व्हा. बुरशीची पांढरी, निळसर किंवा हिरवी लव दिसली, आंबूस दारूसारखा वास आला, देठाशी पाणी सुटलं, तर तो डाग नव्हे, ती सड आहे. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, पपई, पिकलेला आंबा अशा मऊ फळावर बुरशी दिसली तर कापून उरलेलं खाण्याचा मोह नको, कारण बुरशीचे तंतू दिसतात त्याहून पुष्कळ आतवर गेलेले असतात. सडक्या सफरचंदात एका बुरशीमुळे पॅटुलिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. सफरचंदाच्या रसात ते किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं अशी मर्यादा आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही आहे. रस उकळून, तापवून ते पुरतं जात नाही.

एका गोष्टीत मात्र आपण डागाला घाबरायला हवं तिथे उलटे वागतो. "पोपटाने चोच मारलेला पेरू गोड" असं म्हणत लहानपणी आपण सगळ्यांनी तो खाल्ला आहे. गोड असतो हे खरं, पण तो उघडी जखम झालेला पेरू असतो. चोच किंवा दात लागलेल्या फळात जंतूंना दार उघडं मिळतं. केरळमध्ये २०१८ साली निपाहची साथ आल्यावर वटवाघळांनी किंवा पक्ष्यांनी उष्टावलेली फळं खाऊ नका, असं लोकांना सांगावं लागलं होतं. कोरडा ठिपका असलेला पेरू चालेल, चोच मारलेला नको. आपली सवय नेमकी याच्या उलट आहे.

ही झाली डागाची बाजू. बिनडाग फळाची बाजू याहून गमतीची आहे. हापूसमधला साका सगळ्यांना माहीत आहे. बाहेरून सोन्यासारखा आंबा, कापला की आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर. बाहेरून तो ओळखता येत नाही. त्याने अपाय होत नाही, पैसे जातात एवढंच. कार्बाइडचं तसं नाही. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की अॅसिटिलीन वायू सुटतो आणि फळाचा रंग झपाट्याने बदलतो. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, म्हणून ते वापरून फळं पिकवायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. त्याऐवजी ठरावीक प्रमाणात इथिलीन वायू वापरायला परवानगी आहे. पिकताना फळ स्वतः सोडतं तोच हा वायू. तरीही कार्बाइडच्या पुड्या बाजारातून जात नाहीत. सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक दिसली की ती आपण आधी उचलतो. झाडावर तयार झालेल्या, आढीत पिकलेल्या आंब्याचा रंग असा एकसारखा नसतो. कुठे हिरवट झाक, कुठे पिवळी, कुठे एखादा ठिपका. तो दिसला की आपण भाव पाडून मागतो. रंगाला पैसे देणारे आपण असतो, तोवर रंग आणून देणारा कोणीतरी निघणारच.

याउलट सफरचंदावरच्या मेणाबद्दल उगाच घबराट आहे. चाकूने मेण खरवडून दाखवणाऱ्या चित्रफिती फोनवर फिरत असतात. सफरचंदाला स्वतःचं नैसर्गिक मेण असतं; धुताना ते निघतं म्हणून मधमाश्यांचं मेण, कार्नोबा किंवा लाख यांचा पातळ थर द्यायला नियमात परवानगी आहे. त्याने फळ विषारी होत नाही. पण ती चमक ताजेपणाचा पुरावाही नाही. कित्येक महिने शीतगृहात राहिलेलं सफरचंदही तसंच चमकू शकतं.

आणि जंतू तर दिसतच नाहीत. अमेरिकेत २०११ साली खरबुजांतून लिस्टेरिया या जिवाणूची साथ पसरली. १४७ लोक आजारी पडले, ३३ जण दगावले. ती खरबुजं कुजकी म्हणून कोणी विकली नव्हती की घेतली नव्हती. नळाच्या वाहत्या पाण्याखाली फळ चोळून धुणं, हात आणि सुरी स्वच्छ ठेवणं, कापलेलं फळ फार वेळ बाहेर न ठेवणं, या तीन गोष्टी डोळ्यांनी केलेल्या निवडीपेक्षा जास्त राखण करतात. साबण किंवा भांड्याची पावडर मात्र फळाला लावू नये.

आता ज्या गोष्टीमुळे मला हा लेख लिहावासा वाटला, ती सांगते. काही वर्षांपूर्वी भर दुपारी एका तरुणाला उचलून आणलं. तोंडातून लाळ, घामाने अंग भिजलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. आमच्यासारख्या ठिकाणी हे चित्र ओळखायला वेळ लागत नाही. कीटकनाशकाची बाधा. सोबतचे म्हणाले, औषध घेतलेलं नाही, सकाळपासून फवारत होता. अॅट्रोपिन सुरू केलं. दोन रात्री कठीण गेल्या, तो वाचला. घरी जायच्या आधी मी त्याला रागावले. तोंडाला काही न बांधता, उन्हात, सलग तीन टाक्या कशाला मारायच्या? तो डाळिंबाच्या बागेत काम करत होता. म्हणाला, "मॅडम, फळावर एक टिकली पडली तर मालकाचा दर निम्मा. मालक म्हणतो मार, तर मारायचं."

सगळी फवारणी डागापायी होत नाही, हे मला माहीत आहे. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग नुसता डाग पाडून थांबत नाही, फळ तडकवतो, बागा उजाड करतो. सोलापूर, नाशिक, सांगलीकडच्या बागायतदाराला त्याचा धाक वाटणं साहजिक आहे. फळमाशी लागली तर आत अळ्या होतात. त्यापायी युरोपीय संघाने २०१४ साली भारतीय आंब्याची आयात थांबवली होती, ती पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाली. अशा कीड-रोगांवर उपाय करावाच लागतो. पण खाण्याजोग्या फळावरच्या एका कोरड्या टिकलीने दर निम्मा होत असेल, तर बागायतदार एक फवारणी जास्तच करणार, कमी नाही. ती जास्तीची फवारणी आपल्या अंगठ्याने आणि नजरेने मागवलेली असते. तिचा पहिला घोट तो तरुण घेतो, उरलासुरला अंश आपल्या ताटात येतो. फळ धुतल्याने वरचं औषध बरंचसं निघतं, आत मुरलेलं निघत नाही.

या सगळ्यात एक विनोदही आहे, आणि तो रोज आमच्या रुग्णालयाच्या फाटकासमोर घडतो. सकाळी गाडीवर नाकारलेला माल संध्याकाळी कुठे जातो? काही फेकला जातो, काही जनावरांपुढे पडतो आणि काही रसाच्या दुकानात जातो. तिथे डाग दिसत नाही. सड असली तरी दिसत नाही. वर साखर, बर्फ आणि चाट मसाला पडला की वासही येत नाही. डागी मोसंबं हातात घ्यायला तयार नसलेला माणूस न पाहिलेल्या मोसंब्यांचा रस दुप्पट पैसे देऊन पितो आणि आजारी माणसालाही पाजतो. चोख फळं वापरणारे रसवालेही आहेत, सगळ्यांना एका मापाने मोजणं बरं नाही. पण मला विचाराल तर रुग्णाला पेल्याऐवजी फळ द्या. अख्ख्या फळात तंतू असतात, साखर हळू चढते, आणि मुख्य म्हणजे आपण काय देतो आहोत ते आपल्याला दिसतं.

फळं न खाण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आदर्श ताटात रोजची १०० ग्रॅम फळं आहेत. शंभर ग्रॅम म्हणजे एक मध्यम पेरू किंवा एखादं केळं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत तेवढंही रोज येत नाही, कारण फळ म्हणजे सणाची किंवा आजारपणाची वस्तू झाली आहे. दुसरीकडे, लुधियानाच्या काढणीपश्चात संशोधन संस्थेच्या २०१५ च्या अहवालानुसार देशात पेरूचं सुमारे १५.८८ टक्के नुकसान काढणीपासून विक्रीपर्यंतच्या वाटेवर होतं. वाहतूक, ऊन, साठवण अशी त्याची अनेक कारणं आहेत, सगळं खापर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर फोडता येणार नाही. पण घरात पेरू नाही आणि उकिरड्यावर पेरू आहे, या दोन गोष्टी एकाच गावात खऱ्या असाव्यात हे बरं लक्षण नव्हे.

इतरांनी यातून काही शिकून घेतलं आहे. युरोपात एक काळ काकडी किती वाकडी असावी याचाही नियम होता. वरच्या प्रतीच्या काकडीला दहा सेंटिमीटर लांबीमागे दहा मिलिमीटरपेक्षा जास्त बाक चालत नसे. २००९ साली काकडीसह २६ फळं-भाज्यांचे असे नियम रद्द झाले. फ्रान्समधल्या इंटरमार्शे या साखळी दुकानांनी २०१४ साली वेड्यावाकड्या फळांसाठी वेगळी मांडणी केली आणि ती ३० टक्के स्वस्त विकली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. फळांवर सरळ 'कुरूप' अशी पाटी लावली तर ती जास्त खपतात, असं त्यांना आढळलं. कारण त्या पाटीने गिऱ्हाइकाला कळतं, की दोष दिसण्यापुरता आहे, चवीचा नाही. किंमत फार पाडली तर मात्र उलट शंका येते. थोडी सूट जास्त कामी येते.

आपल्याकडे डागी मालाची वेगळी पाटी पिढ्यानपिढ्या आहे. पण ती खाली, गाडीच्या मागे असते, तिच्यात डागी आणि सडकं एकत्र पडलेलं असतं आणि तिच्यातून घेणारा मान खाली घालून घेतो. फळवाल्यांनी सडकं वेगळं काढावं, उरलेल्या डागी फळांची पाटी वर, पुढे ठेवावी आणि एक फळ कापून आतला गर दाखवावा. कापलेलं ते एक फळ कुठल्याही पाटीपेक्षा जास्त बोलेल. सरकारी रुग्णालयं, वसतिगृहं, आश्रमशाळा इथे फळं घेताना अटींमध्ये पक्वता, ताजेपणा आणि सड नसणं यांवर भर असावा, दिसण्यावर नाही. त्याच पैशात मुलांच्या आणि रुग्णांच्या ताटात एक फळ जास्त येईल.

यावर एक रास्त आक्षेप येईल, आणि तो मला आमच्याच एका परिचारिकेने ऐकवला. "म्हणजे चांगला माल तुम्हा लोकांना आणि डागी माल गरिबांना, असंच ना?" नाही, असं नको. डागी फळ ही गरिबाच्या वाट्याची वस्तू ठरली, तर त्या नवऱ्याची भीती खरीच ठरेल. म्हणून सुरुवात ज्यांच्या खिशात पर्याय आहे त्यांनी करायची. पगारदारांनी, डॉक्टरांनी, प्राध्यापकांनी गाडीसमोर उभं राहून, चारचौघांत ते फळ मागून घ्यायचं. मान वर ठेवून घेतलेल्या फळाला डाग असला तरी लाज नसते.

मी माझ्यापुरते दोन बदल केले आहेत. आमच्या डॉक्टरांच्या खोलीत आता मी आणलेली हिरवट, चट्टे पडलेली संत्री असतात. पहिल्या दिवशी निवासी डॉक्टरांनी एकमेकांकडे बघितलं. आता दुपारपर्यंत टोपलीत साली उरतात. दुसरा बदल बोलण्यातला. "चांगली फळं खा" हे मी सोडलं. आता सांगते, "मोसमातलं, ताजं, खिशाला परवडेल ते फळ रोज एक. डाग चालेल, ओलं, मऊ पडलेलं, बुरशी आलेलं, आंबूस वास येणारं नको. घरी आणल्यावर वाहत्या पाण्यात धुवा. दाबून बघू नका, वास घेऊन बघा." मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर कुठलं आणि किती, ते वेगळं लिहून देते. बोलायला अर्धा मिनिट जास्त लागतो. ओपीडीच्या गर्दीत अर्धा मिनिट थोडा नसतो, पण तो वाया जात नाही.

त्या बाईच्या नवऱ्याला मी त्या दिवशी फाटकापर्यंत सोबत नेलं. गाडीवरचा ठिपक्याचा एक पेरू मावशींना कापायला सांगितला. आत पांढराशुभ्र गर. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "आतनं तर काईच न्हाई की." अर्धा किलो पेरू घेऊन तो वॉर्डकडे परतला. दुसऱ्या दिवशी राउंडला कपाटावर दोन पेरू होते, आणि त्यांच्या शेजारी ती दोन सफरचंदं तशीच. बायकोने ती घरी असलेल्या पोरासाठी राखून ठेवली होती.